भिंतींतून जाणारें चित्र

कोल्हापुराहून गारगोटीच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे शहर संपलें कीं नाहीं हें कळण्यापूर्वींच कळंबा येतो. संस्थानी काळांत ज्या तलावाचें पाणी नळानें शहरास पुरविलें जात असे, तो तलाव येथलाच. आसपासच्या ज्या शेतांत पूर्वीं ऊंस उभा असे, त्यांतील बऱ्याच ठिकाणीं आतां बंगल्यांच्या ओळी उठल्या आहेत. आणि ह्या नव्या घरांपैकीं ज्यांत हौस व पैसा दोन्ही आहेत, त्यांच्या दिवाणखान्यांत एक मोठा टीव्ही, भोंवतीं पांच-सहा स्पीकर आणि हें सर्व चालविणारा ॲम्प्लिफायर अशी मांडणी दिसूं लागली आहे. तिला होम थिएटर म्हणतात. मांडणी पाहून प्रथम मन प्रसन्न होतें. मग दृष्टि टीव्हीच्या खालीं जाते आणि तेथें लोंबणाऱ्या काळ्या तारांचा गुंता पाहून तितकेंच खट्टू होतें.

ह्या तारा भिंतींतून कशा न्याव्या, कोठें मुळींच नेऊं नयेत, आणि आधीं न्याव्या तरी कीं नाहीं, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे. आम्ही ह्या शास्त्रांतील पंडित नव्हे. परंतु आमच्या सल्ल्यामुळें कळंब्यांतील एका घराची भिंत दोनदां फोडावी लागली, आणि ती हकीकत आम्हींच सांगितलेली बरी.

आमच्या एका स्नेह्यांचें तें घर. त्यांचे वडील ८५ वर्षांच्या पुढें गेलेले. त्यांस घरचे-दारचे सर्वजण आबा म्हणतात. आबांस सिनेमाचें वेड लहानपणापासूनचें, आणि कोल्हापूरच्या माणसास तें असावें यांत नवल नाहीं. बाबूराव पेंटर यांनीं १९१८ सालीं चित्रपटाचा कॅमेरा ह्याच गांवांत स्वतःच्या कारागिरीनें सिद्ध केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं लोकांपुढें आला. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजीं येथेंच स्थापन झाली, आणि १९३३ सालीं पुण्यास जाण्यापूर्वीं तिनें ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ सालीं येथेंच तयार केला. आबांचा जन्म ह्या सर्वांनंतरचा. पण गांवांत स्टुडिओ चालू होते, थिएटरें भरत होतीं, आणि रात्रीचा खेळ पाहून आबा कळंब्यापर्यंत पायीं येत असत. आतां गुडघे साथ देत नाहींत. थिएटराच्या पायऱ्या चढवत नाहींत म्हणून त्यांच्या चिरंजीवांनीं थिएटरच घरीं आणावयाचें ठरविलें, आणि ५५ इंची टीव्ही व त्याबरोबरची स्पीकरांची सामग्री मागविली.

भिंतीवर खडूनें रेघा ओढणें चाललें असतां आबा खुर्चींतून म्हणाले, “आरं, थेटरात कुठं हुती वायर? चित्र हवेतनंच यायचं की. मग हितं भित फोडायची काय गरज?”

प्रश्न वेडगळ नव्हता. जुन्या थिएटरांत प्रेक्षकांच्या पाठीमागें वर एक कोठडी असे. तींतील यंत्रांतून फीत सरके, तिच्यामागें प्रखर दिवा असे, आणि भिंतीच्या लहानशा झरोक्यांतून प्रकाशाचा झोत पडद्याकडे जाई. चित्र खरोखरच हवेंतून येत होतें. तारेनें जात असे तो केवळ आवाज. फितीच्या कडेस आवाजाची जी पट्टी छापलेली असे, ती प्रकाशानें वाचून तिची विद्युत् बनवीत, ती वाढवीत आणि तार टाकून पडद्यामागील कर्ण्यांपर्यंत पोंचवीत. घरच्या टीव्हींत मात्र पडदा स्वतःच उजळतो. त्याला प्रकाश नको असतो. कोणता बिंदु कोणत्या रंगानें किती उजळावा ह्याचा हिशोब हवा असतो, आणि हा हिशोब आंकड्यांच्या रूपानें तारेंतून येतो.

हा हिशोब किती मोठा आहे तें विद्यार्थ्यांनीं वहींत करून पाहावें. ज्यास ४के म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० बिंदु असतात. गुणाकार केला म्हणजे ८२,९४,४०० होतात. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचें प्रमाण सांगावें लागतें, आणि प्रत्येक प्रमाणास शून्य-एकाच्या भाषेंत ८ अंक लागतात. म्हणजे बिंदूमागें २४ अंक. असें चित्र सेकंदांत ६० वेळां बदललें, तर एका सेकंदांत सुमारें १,१९४ कोटी अंक तारेंतून गेले पाहिजेत. आवाज ह्याहून निराळा.

इतका भार वाहणारी तार साधी कशी असेल? हल्लीं हें काम एचडीएमआय नांवाच्या तारेकडे आहे. तिची पहिली आवृत्ति डिसेंबर २००२ मध्यें ठरली. तिच्या टोकास १९ पिना असतात. चित्राचे अंक वाहणाऱ्या तारा आंत जोडी-जोडीनें पिळलेल्या असून प्रत्येक जोडीस स्वतंत्र आवरण असतें. पूर्वींच्या ॲन्टेन्याच्या तारेचें टोंक कोणीही चाकूनें सोलून जागेवर बसवीत असे. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन रंगांच्या ज्या तारा मागच्या पिढीनें वापरल्या, त्यांसही प्रसंगीं हातानें डाग देतां येई. एचडीएमआयच्या बाबतींत तें जमत नाहीं. पीळ थोडा उलगडला किंवा आवरण थोडें सुटलें तरी इतक्या वेगानें जाणारे अंक एकमेकांत मिसळतात. म्हणून ही तार कारखान्यांतून जशी तोंडासकट येते तशीच भिंतींतून ओढावी लागते. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण आमची फजिती येथेंच झाली.

तत्पूर्वीं एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत भिंत फोडण्याची गरजच नसते. टीव्ही स्वतः इंटरनेटवरून चित्रपट घेत असेल आणि त्याच्या अंगच्या आवाजावर घरचीं मंडळी तृप्त असतील, तर त्यास विजेचा एक प्लग पुरे. टीव्हीशेजारीं तो प्लग काढावा आणि गवंड्यास बोलावूं नये. वेगळा ॲम्प्लिफायर, डिश किंवा केबलचा डबा, खेळाचें यंत्र असें कांहीं जोडावयाचें असेल तरच पुढील खटाटोप. बिनतारी साधनें मिळतात, पण भिंतीपलीकडून तीं अडखळतात आणि कधीं ओंठ आधीं हलतात व शब्द मागून येतात. आबांसारख्या जुन्या रसिकास तें एक क्षणही खपावयाचें नाहीं.

आतां भिंतीकडे वळूं. ह्या विषयावर जी माहिती सहज हातीं लागते, तिच्यांतील बरीचशी अमेरिकेंतील घरांविषयीं असते. तेथील पुष्कळ घरांत खोल्यांमधील भिंत म्हणजे दर १६ इंचांवर उभा केलेला लांकडी खांब आणि दोन्ही अंगांस ठोकलेला अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता. मध्यें सगळी पोकळी. वर एक भोंक पाडलें, खालीं एक पाडलें आणि तार सोडली कीं ती आपल्या वजनानें खालीं येते. अशा पोकळींतून आग पसरूं नये म्हणून तेथें तारेच्या आवरणाविषयीं कडक नियम आहेत आणि भिंतींत घालावयाच्या तारेवर सीएल-२ किंवा सीएल-३ अशी खूण पाहावी लागते. हें वाचून आमच्याकडील उत्साही मंडळी भिंतीवर बोटानें टिचक्या मारून पोकळी शोधूं लागतात. कळंब्याच्या घरांत वीट आहे, वाळू-सिमेंट आहे, वर गिलावा आहे, पोकळी नाहीं. येथें वाट शोधावयाची नसते, कोरावयाची असते, आणि कोरलेली भिंत तितकी कमजोर होते.

ह्याविषयीं बांधकामाचा एक जुना ठोकताळा आहे. विटांच्या भिंतींत उभी झिरी मारावयाची तर ती भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून खोल नसावी, आणि आडवी मारावयाची तर एक-षष्ठांशाहून खोल नसावी. उभ्या व आडव्या झिरींत इतका फरक कां? भिंतीचा भार वरून खालीं येतो. उभी झिरी त्या भाराच्या वाटेशीं समांतर असते. दोन्ही बाजूंच्या विटा आपापला भार खालीं पोंचवितात. आडवी झिरी मात्र त्या वाटेवर आडवी पडते आणि तिच्यावरील प्रत्येक विटेचा आधार अरुंद करते.

हिशोब असा. नऊ इंची भिंत २३० मिलिमीटर धरली, तर उभी झिरी ७६ मिलिमीटरपर्यंत चालेल, आडवी ३८ पर्यंतच. आणि ज्यास गवंडी लोक ‘चार इंची’ म्हणतात, त्या साडेचार इंची म्हणजे ११५ मिलिमीटरच्या आंतल्या भिंतींत उभी ३८ आणि आडवी केवळ १९. वरच्या गिलाव्याची १२ ते १५ मिलिमीटर जाडी त्यांत आपणांस अधिक मिळते. सिमेंट-काँक्रीटचे खांब व तुळया यांस मात्र हा हिशोब लागूच नाहीं. त्यांस छिन्नी लावूं नये. आंतील लोखंड उघडें पडलें कीं ओल त्यास गांठते, लोखंड गंजून फुगतें, आणि वरचें काँक्रीट पापुद्र्यासारखें सुटूं लागतें.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं टीव्ही लावावयाची भिंत चार इंची होती. सामानाचें कपाट कोपऱ्यांत, टीव्हीपासून आठ फूट दूर. आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें, “कपाटापासून टीव्हीपर्यंत आडवा पाइप घाला, पाऊण इंची पुरे, एकच तर तार जावयाची आहे.” वायरमन अनुभवी होता. तो म्हणाला, “साहेब, केबलचं त्वांड बघितलंय न्हवं?” आम्हीं तार पाहिली होती, ती बोटाहूनही बारीक होती. तोंडाचा विचार आमच्या मनांत आला नाहीं, आणि आम्हीं मान डोलाविली.

पाइप बसला. झिरी बुजली, गिलावा झाला, पुट्टी झाली, रंग झाला. पंधरा दिवसांनीं टीव्ही आला आणि एचडीएमआय तार पाइपाच्या तोंडाशीं नेली, तेव्हां ती आंत जाईना. पाऊण इंची, म्हणजे बाहेरून २० मिलिमीटरच्या पाइपाची आंतील पोकळी जेमतेम १६-१७ मिलिमीटर. एचडीएमआयचा पिनांचा धातूचा भागच सुमारें १४ मिलिमीटर रुंद असतो. त्यावरील रबरी मूठ धरली तर रुंदी २० मिलिमीटरच्या घरांत जाते. वायरमन कांहीं बोलला नाहीं. त्यानें तार गुंडाळून पुन्हां खोक्यांत ठेवली, आणि तें आम्हांस बोलण्याहून अधिक लागलें. आबा आंतल्या खोलींतून विचारीत होते, “लागला का रं शिनिमा?”

आतां आमची दुसरी घोडचूक होणार होती. आम्हीं म्हटलें, तीच झिरी रुंद व खोल करून ४० मिलिमीटरचा पाइप घालावा. गवंड्यानें छिन्नी खालीं ठेवली. “ही चार इंची हाय. ह्यात आडवी झिरी आनी खोल मारली तर वरची भित कशावर बसंल?” आम्हीं वर दिलेला एक-षष्ठांशाचा ठोकताळा त्यानें कोठें वाचला नव्हता, पण त्याच्या हातास तो ठाऊक होता. ४० मिलिमीटरचा पाइप बसावयास गिलावा धरून सुमारें ४५ मिलिमीटर खोली लागली असती, आणि आडव्या झिरीस गिलाव्यासकट मिळत होते फार तर ३४. भिंत लगेच पडली असती असें नाहीं. पण तिच्या पलीकडे स्नेह्यांच्या मुलांचा पलंग होता, आणि त्यानंतर आम्हीं वाद घातला नाहीं.

तोड निघाली ती अगदीं साधी. वाट रुंद करण्याऐवजीं ती लहान केली. कपाट कोपऱ्यांतून उचलून टीव्हीच्या बरोबर खालीं आणलें. आतां आडवी झिरी नको. टीव्हीच्या मागून खालीं कपाटामागें येणारी साडेतीन फुटांची एक उभी झिरी पुरे. उभ्या झिरीस चार इंची भिंतींतही ३८ आणि गिलाव्याचे १२-१५ मिळून ५० मिलिमीटर मिळतात. त्यांत ४० मिलिमीटरचा पाइप बसतो. हा विचार पहिल्या दिवशींच केला असता तर दुसरा गिलावा वांचला असता. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें घर अद्याप नकाशावरच आहे, त्यांनीं टीव्ही व सामान एकाच उभ्या रेषेंत येईल असें पाहावें. वळण घ्यावेंच लागलें तर काटकोनी सांधा न वापरतां लांब बांकाचा ‘बेंड’ वापरावा आणि एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत दोहोंहून अधिक वळणें घेऊं नयेत. तीन वळणांपलीकडून तार ओढणें म्हणजे गाळांतून बैलगाडी ओढणें.

येथें कोणी विचारील, पाइप तरी कशाला? तारच झिरींत ठेवून वर गिलावा केला तर? कळंब्याच्या तलावाकडे पाहा. नळ एकदां घातला; त्यांतून पाणी वर्षानुवर्षें नवें येत राहिलें. भिंतींतील पाइप हा नळ होय, तार हें पाणी होय. २००२ सालच्या एचडीएमआयनंतर २०१३ सालीं जी आवृत्ति आली तिची क्षमता सेकंदास १,८०० कोटी अंकांची, २०१७ सालच्या आवृत्तीची ४,८०० कोटींची, आणि २०२५ सालीं आलेल्या आवृत्तीची ९,६०० कोटींची. दर थोड्या वर्षांनीं तार बदलते. घराची भिंत मात्र नातवंडांपर्यंत उभी राहावी अशी आपली अपेक्षा असते. पाइप असला म्हणजे जुनी तार ओढतांना तिच्या शेपटीस नवी बांधून देतां येते. शिवाय उंदीर. उंसाच्या शेतांशेजारील घरांत ह्या प्राण्याविषयीं अधिक लिहावयास नको.

पाइपांत नायलॉनची एक दोरी कायमची ठेवावी. सुतळी ओलीनें कुजते. दोरी आधीं घालावयाची राहिली तर वायरमन पोलादी स्प्रिंग सारून ती घालतो. मुलांस गंमत म्हणून दुसरी युक्ति सांगतों: दोरीच्या टोकास प्लॅस्टिकच्या पिशवीचा लहानसा बोळा बांधून तो पाइपाच्या एका तोंडांत ठेवावा आणि दुसऱ्या तोंडास घर झाडावयाचें व्हॅक्यूम यंत्र लावावें. हवा ओढली जाते आणि बोळा दोरीसकट धांवत पलीकडे येतो. आमच्या स्नेह्यांच्या आठवींतल्या मुलानें हा प्रयोग गरज संपल्यावरही चार वेळां केला. तार ओढतांना तिच्या अंगास थोडी शंखजिऱ्याची पूड लावावी, तेल लावूं नये. आणि ओढतांना हात तिच्या तोंडास न लावतां अंगास लावावा.

विजेविषयीं मात्र गमतीनें बोलतां येत नाहीं. टीव्हीच्या प्लगाकडे जाणारी २३० व्होल्टांची तार आणि चित्राची वा आवाजाची तार एका पाइपांत घालूं नये, एका पेटींतही आणूं नये. स्पीकरांच्या तारेंत विजेची गुणगुण शिरते हें एक कारण. पण तें लहान. मोठें कारण असें कीं, कधीं काळीं विजेच्या तारेचें आवरण आंतल्याआंत घासून उघडें पडलें, तर तोच दाब शेजारच्या तारेवर चढून टीव्हीच्या मागें हात घालणाऱ्यापर्यंत येतो. दोन पाइप एकमेकांपासून फूटभर तरी दूर ठेवावे. एकमेकांस ओलांडावेंच लागलें तर काटकोनांत ओलांडावे. टीव्हीची स्वतःची लवचिक वायर व प्लग भिंतींत पुरणें हेंही चुकीचें आहे. ती वायर उघड्यावर वापरण्यासाठीं केलेली असते. टीव्हीमागें योग्य पाइपांतून आणलेला व अर्थिंग केलेला पक्का प्लग-पॉइंट काढणें हाच मार्ग. विजेचें हें काम परवानाधारक वायरमननेंच करावें. झिरी मारण्यापूर्वीं घराचा मेन स्विच बंद करावा, आणि जुन्या तारा कोठून गेल्या असतील ह्याचा अंदाज घ्यावा. स्विचबोर्डापासून सरळ वर छतापर्यंतची पट्टी नेहमीं संशयास्पद समजावी. कटर यंत्रानें विटा व सिमेंट कापतांना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसांस फार वाईट. कारागिरानें नाकातोंडावर पट्टी व डोळ्यांस चष्मा लावावा, भिंत ओली करून घ्यावी, आणि मुलांनीं त्या खोलींत थांबूं नये.

झिरी बुजवितांना नुसता माल भरला तर महिन्या-दोन महिन्यांत झिरीच्या दोन्ही कडांनीं केसासारख्या भेगा दिसूं लागतात. म्हणून वरून कोंबडी-जाळीची पट्टी दोन्ही बाजूंस चांगली चार-चार बोटें पसरून ठोकावी, मग गिलावा करावा आणि त्यावर निदान आठवडाभर पाणी मारावें. आमच्या स्नेह्यांच्या पहिल्या झिरीस जाळी घातली नव्हती. ती आडवी भेग आम्हांस अद्याप तेथें गेलों म्हणजे दिसते.

साडेतीन फुटांच्या वाटेस कोणतीही चांगली तांब्याची तार चालते. परंतु ज्यांस छताला प्रोजेक्टर टांगावयाचा आहे, त्यांची वाट दहा-बारा मीटरांची होते, आणि तेथें तांबें थकतें. विजापूरच्या गोलघुमटांत सहलीस गेलेल्या मुलांस आठवत असेल: सावकाश बोललेला शब्द पलीकडे समजतो, घाईनें बोललेलीं वाक्यें प्रतिध्वनींत मिसळून जातात. लांब तारेंत अंकांचें असेंच होतें. प्रत्येक स्पंदनाची कड बोथट होऊन तें पुढच्यांत सांडतें. ४के चित्र वाहणारी साधी तांब्याची तार पांच मीटरांपर्यंत भरंवशाची समजावी. त्यापुढें विजेचा प्रकाश करून कांचतंतूंतून पाठविणारी एचडीएमआय तार मिळते. तिला दिशा असते; एका टोकावर उगमाची व दुसऱ्यावर पडद्याची खूण छापलेली असते, आणि ती उलटी घातली तर चित्र येत नाहीं. भिंतींत ओढण्यापूर्वीं ती जमिनीवर पसरून दोन्ही टोकें जोडून एकदां चित्र पाहून घ्यावें. ॲन्टेन्याच्या काळीं संदेश क्षीण झाला तर चित्रावर मुंग्या येत, पण माणसें दिसत. अंकांच्या चित्रांत तसें नाहीं: संदेश थोडा क्षीण झाला तर कांहींच बिघडत नाहीं, आणखी थोडा झाला तर पांढरे ठिपके चमकतात, आणि त्यापुढें पडदा एकदम काळा पडतो. त्यामुळें टीव्ही बिघडला असें समजून लोक दुकानदाराशीं भांडावयास जातात, आणि दोष तारेचा असतो. प्रोजेक्टरासाठीं स्लॅब ओतण्यापूर्वींच पाइप घालून ठेवावा. ओतलेल्या स्लॅबांत झिरी मारूं नये, मग पट्टींतूनच तार न्यावी.

स्पीकरांच्या तारा सोप्या आहेत. मागच्या दोन स्पीकरांसाठीं तांब्याच्या बहुतारी, दीड चौरस मिलिमीटरच्या दोन तारा जमिनीलगतच्या फरशीच्या पट्टीमागून नेतां येतात. त्यांसाठीं भिंतीस हात लावावा लागत नाहीं. गच्चीवरील डिशची तार भिंतींत शिरते तेथें मात्र पाइपाचें तोंड बाहेरच्या बाजूस किंचित् उतरतें ठेवावें, आणि तार आंत शिरण्यापूर्वीं खालीं एक लोंबता बांक द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून ओघळत घरांत न येतां त्या बांकावरून ठिबकून जातें. वैशाख-ज्येष्ठांत वळवाच्या विजा चमकूं लागल्या कीं डिशची तार व विजेचे प्लग दोन्ही काढून ठेवावे.

आणि ज्यांचें घर जुनें, दगडमातीचें किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींचें आहे? त्यांनीं झिरीचा विचारच सोडावा. अशा भिंतीवर कटर चालविला तर एक दगड निखळण्याबरोबर त्याच्या शेजारचे दोन सुटतात. भिंतीवरून जाणारी झांकणाची पट्टी मिळते. ती तुळईच्या किंवा चौकटीच्या कडेनें नेऊन भिंतीचाच रंग दिला तर डोळ्यांस खुपत नाहीं. जुन्या घरांत विजेच्या तारा सागवानी पट्ट्यांवरून उघड्या जात असत, आणि त्या इतक्या नीट ओळंब्यांत ठोकलेल्या असत कीं त्यांत कोणास कांहीं उणें वाटत नसे. तार लपविलीच पाहिजे हा हट्ट अलीकडचा आहे, आणि दोनदां भिंत फोडल्यावर तो आमच्यापुरता बराच ओसरला आहे.

कळंब्याच्या त्या घरीं दुसरा गिलावा वाळला, दोरी ओढली, तार सरसरत खालीं आली. त्या संध्याकाळीं आबांनीं एक जुना मराठी चित्रपट आरंभापासून शेवटापर्यंत पाहिला आणि आवाज फार चोख येतो, थिएटरासारखा घुमत नाहीं, अशी तक्रार केली.

त्या घरांतील सर्वांत उपयोगाचें काम आमच्या हातून झालें नाहीं, तें आठवींतल्या मुलानें केलें. दुसऱ्यांदा झिरी उघडी असतां त्यानें भिंतीचा नकाशा वहींत काढला: जमिनीपासून किती, खिडकीच्या कडेपासून किती, विजेचा पाइप कोणता आणि चित्राचा कोणता, हें सर्व टेपानें मोजून, आणि गिलाव्यापूर्वीं फोनवर चार छायाचित्रें घेतलीं. गेल्या दिवाळींत त्याच्या आजींस आबांच्या लग्नाची तसबीर त्याच भिंतीवर लावावयाची होती. खिळा व हातोडी घेऊन शेजारचा मुलगा स्टुलावर चढलाही होता. आजी म्हणाल्या, “थांब जरा. आधी त्याची ती वही आण बघू.” वही आली. जेथें खिळा ठोकावयाचा होता त्याच्या बरोबर मागून टीव्हीच्या विजेचा पाइप वर गेला होता. तसबीर दीड वीत डावीकडे लागली आहे, आणि तेथें ती मध्यावर नाहीं हें येणारा प्रत्येक पाहुणा आबांस सांगतो.